बिनशिक्क्याची ओळ

माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात एक निळी फाईल आहे. मुलांनो, तुमच्या बाबाने पहिल्या नोकरीच्या पगारातून मोटरसायकल घेतली, त्याच दिवशी मी ती तयार केली. आत गाडीचं मॅन्युअल, विम्याचे कागद आणि एक सर्व्हिस बुक. सर्व्हिस बुकात प्रत्येक पानावर चार चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत शोरूमचा गोल जांभळा शिक्का. गाडीची वॉरंटी दोन वर्षांत संपली होती. तरी पुढची बारा वर्षं मी ती गाडी शोरूमशिवाय कुठेही दाखवू दिली नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कंपनीचं, ऑइल कंपनीचं, साधा आरसा फुटला तरी कंपनीचा. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला शिक्क्यांची सलग रांग पाहून जो आनंद होतो, तो तुम्हाला कदाचित कळणार नाही. मला होत असे.

ती गाडी तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा धाकटीने तिच्या टाकीवर बसून फोटो काढून घेतला होता. तुमचा बाबा परदेशी गेला आणि गाडी तुमच्या आत्याने घेतली. सगळ्यांना वाटलं होतं, ती विकून स्कूटर घेईल. तिने फक्त सीट थोडी खाली करून घेतली.

आत्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करते, हे तुम्हाला माहीत आहे. पण काय काम करते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. नऊ वर्षं ती टेबलावर होती. टेबल म्हणजे आत, गारठ्यात, भरलेल्या पेट्या तपासायच्या. या हंगामात तिला पहिल्यांदा राउंड मिळाला. राउंड म्हणजे बागांमध्ये जायचं, मणी तोडून त्याची साखर मोजायची, कड्यातून मण्याची जाडी बघायची आणि शेतकऱ्याला सांगायचं की उद्या तोडा किंवा अजून चार दिवस थांबा. तिने एकदा "थांबा" म्हटलं की मजुरांची टोळी थांबते, टेम्पो थांबतो, शीतगृहातली जागा थांबते. त्या पॅकहाउसमध्ये आजवर राउंडला बाई गेली नव्हती. तिच्या साहेबांनी राउंड देताना एकच वाक्य सांगितलं होतं: "गाडी असेल तर राउंड, नाहीतर टेबल."

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती संध्याकाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पार्किंगची फरशी झाडायला गेले तर गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं. बशीएवढं. बोट लावून पाहिलं तर चिकट. मी आत्याला हाक मारली. ती ब्रश तोंडात घेऊन आली, खाली वाकली आणि तिने ब्रश तोंडातून काढला.

"आई," ती म्हणाली, "काल वाटेत इंजिन गरम होत होतं. मला वाटलं, ऊन आहे."

जानेवारीत कसलं ऊन?

आम्ही शोरूमला गेलो. काउंटरवरची मुलगी अतिशय नम्र होती. तिने गाडी आत घेतली, अर्ध्या तासाने बाहेर आली आणि सांगितलं, "मॅम, वॉटर पंपाचं सील गेलंय. पण हे मॉडेल बंद झालंय. पंपाची पूर्ण असेंब्ली मागवावी लागेल. पंधरा ते वीस दिवस."

"नुसतं सील नाही मिळणार?" आत्याने विचारलं.

"सील वेगळं येत नाही मॅम. असेंब्लीच येते."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरवर सील नावाची वस्तूच नव्हती, तर ती देणार कुठून? पण वीस दिवसांत द्राक्षाचा निम्मा हंगाम जातो. शेजारच्यांची स्कूटर मागून दोन दिवस निघाले असते, वीस नाही. आत्याने तिथूनच साहेबांना फोन लावला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण तिचं आलं: "हो सर. सोमवारी येते सर. गाडी घेऊनच." फोन ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज-उद्या टेबल. सोमवारी गाडी नसेल तर राउंड दुसऱ्याला."

त्या संध्याकाळी तुमच्या बाबाशी बोलणं झालं. तो इंजिनिअर, म्हणून त्याचं ऐकायची मला सवय. तो म्हणाला, "आई, बाहेरचं काही घालू नका तिच्यात. विकून टाका. मी नवीन घेऊन देतो." लहानपणी त्याला शाळेत जाताना मी डबा देऊन म्हणत असे, बाहेरचं काही खाऊ नकोस. तोच आवाज, फक्त आता तो माझ्याशी बोलत होता. आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, नवीन गाडी काय उद्या सकाळी दारात येते? बुकिंग, पासिंग, नंबर. तोपर्यंत मी काय टेम्पोत बसून बागा फिरू? कांद्यांबरोबर?" आणि फोन मला परत दिला. तो हसत होता. मी हसले नाही. मला आत कुठेतरी तोच बरोबर वाटत होता.

शनिवारी आत्या अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली आणि मला म्हणाली, "आडगाव नाक्याजवळ एक मेकॅनिक आहे. आमच्या सगळ्या राउंडवाल्यांच्या गाड्या तोच बघतो. चल, फाईल घे."

फाईल घे म्हटल्यामुळे मी गेले. नाहीतर कदाचित गेले नसते.

गाडी टेम्पोत घालून नेली. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, बाजूला भाजीच्या टेम्पोंची रांग. मेकॅनिक पन्नाशीच्या पुढचा, कळवणकडचा, एकटाच काम करणारा. त्याने आधी गाडीला हात लावलाच नाही. खाली बसला आणि पंपाच्या खालच्या अंगाला बोट दाखवून मला म्हणाला, "मावशी, हे भोक दिसतं का?"

करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं भोक होतं. त्यातून हिरवा थेंब लोंबत होता.

"हे फुटलेलं नाय. हे कंपनीनंच ठेवलेलं हाय. आतलं सील गेलं की पाणी इंजिनाच्या ऑइलात जाणार. ते जाऊ नये म्हणून इथून बाहेर काढून दिलंय. म्हणजे गाडी आपल्याला सांगते, बाई, मला बघ."

मी चाळीस वर्षं मॅन्युअलं वाचत आले. या मॅन्युअलात रेडिएटरचं चित्र होतं, पंपाचं होतं, पण त्या भोकाबद्दल एक ओळ नव्हती. ज्या कुणी ते भोक ठेवलं त्याला आपली वस्तू एक दिवस बिघडणार हे मान्य होतं. आणि ज्याने मला ते दाखवलं त्याच्याकडे शोरूमचा शिक्का नव्हता.

मग त्याने पंप उघडला. उघडताना त्याने जे केलं ते मी तुम्हाला नीट सांगते, कारण तिथेच माझं मत बदलायला लागलं. त्याने एका जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर पंपाच्या झाकणाचा आकार पेनाने काढला आणि झाकणाचा एकेक बोल्ट काढून पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. वरचा वर, खालचा खाली.

"असं का?" मी विचारलं.

"सगळे सारखे दिसतात, पण दोन लांब असतात. लांबवाला आखूडच्या जागी बसवला की आत कास्टिंग, म्हणजे पंपाचं कवच, फुटतं. फुटल्यावर मग लोक म्हणतात, बाहेरच्या मेकॅनिकनं फोडलं."

"तुम्ही कधी फोडलं होतं का?"

"एकदा," तो म्हणाला. "म्हणून तर पुठ्ठा."

आत्या माझ्याकडे बघून हसली. तिला माहीत होतं की पुठ्ठ्यावर ओळीने टोचलेले बोल्ट पाहून तिची आई विरघळणार.

आतून त्याने काढलं ते सील अंगठीएवढं होतं, कडेला रबर, मध्ये स्प्रिंग, आणि त्याची गुळगुळीत बाजू एका जागी झिजलेली. त्याच्याबरोबर एक ऑइल सील आणि एक बेअरिंग. तिन्ही वस्तू त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आत्याच्या हातात दिल्या.

"द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत जा. तोंडी सांगायचं नाय. मॉडेलचं नाव सांगायचंच नाय. जुना पार्ट समोर ठेवायचा, तो मोजून देईल. आणि कुलंट घेऊन या. उद्या सकाळी बसवून देतो."

"कुठलं कूलंट?" मी विचारलं.

"मावशी, तुमच्याकडं एवढं पुस्तक हाय ना? त्यात काय लिहिलंय ते बघा. त्यात बसेल ते आणा. मला इंग्रजी बारीक अक्षर दिसत नाय."

हे काम माझं होतं. मी तिथेच कडुनिंबाखाली मॅन्युअल उघडलं. शोरूमच्या बाटलीचं नाव मॅन्युअलात फक्त "शिफारस" म्हणून होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं की इथिलीन ग्लायकॉलचं, अॅल्युमिनियमला गंज न येऊ देणारं, सिलिकेट नसलेलं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळून. म्हणजे कंपनी स्वतःच सांगत होती की वस्तू अशी असावी. कुणाची असावी हा पुढचा प्रश्न. चौदा वर्षं ते पुस्तक माझ्या फाईलमध्ये होतं आणि ते पान मी पहिल्यांदा वाचत होते. शिक्का मिळत होता, तर वाचायचं कशाला?

गल्लीतलं दुकान अरुंद होतं, जमिनीपासून छतापर्यंत खोकी. दुकानदार माझ्याच वयाचे, पांढरा शर्ट, खिशात पेन असावं तसं मोजायचं व्हर्नियर. त्यांनी सील हातात घेतलं, आतलं माप, बाहेरचं माप, उंची, आणि मागे न बघता हात वर करून एक छोटं खोकं काढलं.

"हे कंपनीचं आहे का?" माझ्या तोंडून निघालंच.

"कुठल्या कंपनीचं, बहनजी? गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाही. सील बनवणाऱ्या कंपनीचं आहे. गाडीवाले सील बनवत नाहीत, ते विकत घेतात."

"म्हणजे डुप्लिकेट नाही ना?"

त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं आणि बोटाने त्यावरचं नाव दाखवलं. "डुप्लिकेट तो, जो दुसऱ्याचं नाव लावतो. हा आपलं नाव लावून विकतोय. चांगलं निघालं तरी त्याचंच नाव, खराब निघालं तरी त्याचंच. तो माल माझ्याकडे चालतो. दुसरा मी दुकानात घेत नाही."

मी मनात ते वाक्य लिहून घेतलं. घरी आल्यावर खरोखरच लिहिलं.

कूलंटच्या पाच बाटल्या त्यांनी माझ्यासमोर ओळीने मांडल्या. हिरवी, गुलाबी, निळी. आत्या म्हणाली, आपलं हिरवं होतं, हिरवं घे. ते म्हणाले, "रंगावर जाऊ नका ताई. रंग तर नुसता टाकलेला असतो, गळलं तर दिसावं म्हणून." मग मी चष्मा बदलला आणि प्रत्येक बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. पहिली, दुसरी, तिसरी. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

"बहनजी, पाचही वाचणार? मग खुर्ची देतो, बसून वाचा."

"वाचणार," मी म्हणाले, आणि त्यांनी खरंच स्टूल दिलं. मागचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, वाचा निवांत. आमचाही पेपर सोडवून द्या." दोन बाटल्यांमध्ये सिलिकेट होतं, एकीवर काहीच लिहिलं नव्हतं. उरलेल्या दोनांतली मी एक निवडली. ती हिरवीच निघाली. दुकानदारांनी मान हलवली. "मीही तीच दिली असती. पण तुम्ही वाचून घेतली ते चांगलं केलं."

माझा उत्साह वाढला होता. मी म्हणाले, मग रेडिएटरचं झाकणही द्या, मेकॅनिक म्हणत होता की जुन्याचं रबर कडक झालंय. त्यांनी आम्ही बरोबर आणलेलं जुनं झाकण हातात घेतलं, त्यावरचा दाबाचा आकडा वाचला, मागच्या खोक्याकडे पाहिलं आणि झाकण मला परत दिलं.

"हे माझ्याकडून घेऊ नका. माझ्याकडे जे येतंय त्याची स्प्रिंग मला पटत नाही. झाकणाने दाब धरला पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. शोरूमला जा. हेच झाकण नवीन गाड्यांनाही लागतं, तिथे मिळेल."

मुलांनो, हातात आलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला समोरच्याकडे पाठवताना मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही. आम्ही शोरूमला गेलो. त्या नम्र मुलीने झाकण पाच मिनिटांत दिलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझी चूक.

संध्याकाळी घरी आल्यावर मला वाटलं, सकाळी मेकॅनिकचा वेळ जायला नको, आपण मिश्रण तयार करून ठेवावं. मॅन्युअलात लिहिलं होतं, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. मी इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, मापाचं प्लास्टिकचं भांडं घेतलं, त्यावर "फक्त गाडीसाठी" असं लेबल लावलं, म्हणजे ते चुकून परत स्वयंपाकघरात येणार नाही. एक लिटर कूलंट, एक लिटर पाणी, अगदी रेषेपर्यंत. एकेक लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या भरल्या, त्यांवर तारीख आणि "विष, पिऊ नये" असं लाल शाईने लिहिलं. शाळेतल्या प्रयोगशाळेत जे केलं तेच. रिकामी बाटली धुऊन पालथी ठेवली, कारण मी काही टाकत नाही.

रविवारी सकाळी मेकॅनिकने सील बसवलं. बेअरिंग बसवलं. सीलच्या गुळगुळीत बाजूला त्याने बोट लागू दिलं नाही, कापडाने धरूनच आत सरकवलं. पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट परत आपल्या जागी गेला. शेवटी त्याने माझी बाटली उचलली आणि उजेडात धरली.

"मावशी, हे कुलंट हाय का सरबत?"

"निम्मं पाणी घातलंय. मॅन्युअलप्रमाणे."

"मूळ बाटली आणलीय का?"

मी पिशवीतून काढून दिली. त्याने ती फिरवली आणि बुचाखालचा गोल स्टिकर माझ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे तयार मिश्रण आहे, पाणी घालू नये. पाच बाटल्यांची बारीक अक्षरं मी स्टुलावर बसून वाचली होती. पुढचं मोठं अक्षर वाचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, ती जाहिरात असणार.

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. स्पेअर पार्टची गल्ली रविवारी बंद. शोरूमही बंद. "चालेल ना एवढं?" तिने विचारलं. "आपल्याकडे काही बर्फ पडत नाही."

"दोन दिवस चालेल," तो म्हणाला. "पण लवकर उकळेल, आणि आतून गंज धरेल. काल एवढं नवीन सील आणलं, ते त्याच पाण्यात बुडवू? मला नाय आवडणार."

मी पदराने कपाळ पुसलं. विज्ञानाची शिक्षिका मी. सोमवारचा राउंड माझ्या एका लिटर पाण्यात बुडत होता.

तो शेडमध्ये गेला आणि फळीच्या मागून धूळ बसलेला एक डबा घेऊन आला. "हे घट्टवालं हाय. पाणी न घातलेलं. बनवणारा तोच दिसतो. पण मागचं तुम्ही वाचा. आता पुढचं पण वाचा."

मी दोन्ही बाजू वाचल्या. बुचावरचंही वाचलं. जात तीच होती, सिलिकेट नव्हतं, आणि हे खरोखर पाणी न घातलेलं होतं. मी पर्समधून वही काढली आणि गणित मांडलं. माझ्या एका बाटलीत पाव भाग ग्लायकॉल, पाऊण भाग पाणी. निम्मं-निम्मं व्हायला त्यात किती घालावं? मी एक्स धरला, समीकरण लिहिलं, दोन ओळी सोडवल्या.

"अर्धा लिटर," मी मान वर करून म्हणाले.

तो डब्यातून माझ्या भांड्यात ओतत होता. अर्धा लिटरच्या रेषेवर थांबला. "हा. तुमच्या एका बाटलीत अर्धा लिटर पाणी जास्तीचं हाय. जेवढं जास्तीचं पाणी, तेवढं घट्ट घालायचं. म्हणजे बरोबर."

त्याने एक्स धरला नव्हता. मी वही मिटली. आत्या तोंड फिरवून हसत होती, पण या वेळी मला राग आला नाही.

मिश्रण पुन्हा गडद हिरवं झालं. त्याने ते सावकाश ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, रबरी नळी हाताने दाबत राहिला आणि बुडबुडे येत राहिले. मोठे, मग लहान, मग बंद. नवीन झाकण बसवलं. थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला. त्याने एक बोट वर केलं, म्हणजे ऐका.

"ताई, हायवेनं दहाव्या मैलाच्या फाट्यापर्यंत जाऊन या. जाताना जोरात, येताना हळू. काटा बघा."

ती गेली. मी स्टुलावर बसले. तो पुठ्ठा उचलून ठेवायला लागला तेव्हा मी विचारलं, "हा टाकणार?"

"नाय. मागं गाडीचा नंबर लिहून ठेवतो. परत उघडली तर कामाला येतो." फळीवर असे कितीतरी पुठ्ठे उभे होते, पुस्तकांसारखे. मला माझं कपाट आठवलं.

आत्या परत आली. काटा मध्यावर होता. मी माझा पांढरा रुमाल दिला आणि मेकॅनिकने त्याचं टोक पंपाखालच्या भोकाला लावलं. रुमाल पांढराच राहिला.

मग मी फाईल उघडली. सर्व्हिस बुकातली पुढची चौकट रिकामी होती.

"मावशी, माझ्याकडं शिक्का नाय."

"मग अक्षरात लिहा."

त्याने आधी साबणाच्या चुऱ्याने आणि भुशाने हात धुतले, पुसले, वास घेऊन पाहिले. निळ्या बॉलपेनने सावकाश लिहिलं: पंप सील, ऑइल सील, बेअरिंग बदलले. कुलंट बदलले. कॅप शोरूमची. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "सरबताचं लिहू का?"

"लिहा," मी म्हणाले. "रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड."

त्याने लिहिलं: मिश्रण दुरुस्त केले. आणि त्याखाली, चौकटीच्या बाहेर: दर सोमवारी भोक पाहणे.

"सोमवारीच का?"

"रविवारी गाडी उभी असते. उभ्या गाडीचा थेंब खाली दिसतो. चालत्या गाडीचा वाऱ्यानं उडून जातो."

चौदा वर्षांच्या शिक्क्यांत असं वाक्य एकदाही नव्हतं.

सोमवारी पहाटे फरशी कोरडी होती. आत्याने हेल्मेट घातलं, साखर मोजायची नळी पिशवीत टाकली आणि गेली. दुपारी तिने फोन केला. मागे कुणी शेतकरी मोठ्याने म्हणत होता, "ताई, लय गोड हाय, तोडू द्या की आता!" आणि ती त्याला म्हणत होती, "काका, गोड तुम्हाला लागतंय, मशीनला नाही लागत. चार दिवस थांबा." मग मला म्हणाली, "आई, काटा मध्यावर आहे. ठेवते."

तुमच्या बाबाला मी सगळं सांगितलं, माझ्या पाण्यासकट. तो म्हणाला, "आई, तू बारीक अक्षर वाचलंस आणि मोठं वाचलं नाहीस?" मी म्हणाले, तू दोन्ही न वाचता विका म्हणालास. मग तो सीलचा फोटो पाठव म्हणाला. मी जुनं सील पट्टीशेजारी ठेवून फोटो काढला आणि पाठवला.

हंगाम एप्रिलमध्ये संपला. पॅकहाउसमध्ये पुढच्या वर्षीच्या राउंडचा तक्ता आधीच लावतात, म्हणजे शेतकऱ्यांना कळावं की कोण येणार. आत्याने त्याचा फोटो मला दाखवला. त्यात तिचं नाव वरून तिसरं आहे, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे नावासमोर गाडीचा नंबर. तुमच्या बाबाने पहिल्या पगारात घेतलेल्या गाडीचा. मी तो फोटो छापून घेतला आणि निळ्या फाईलमध्ये सर्व्हिस बुकाच्या त्या पानाशी लावला. त्या पानावर आता निळ्या शाईच्या दोन ओळी आहेत. दुसरी ओळ नंतर बदललेल्या चेनची आहे. चेन मेकॅनिकने शोरूमचीच घालायला सांगितली, आणि आम्ही घातली.